बी टीमचा चंचुप्रवेश: इंग्लंडमधल्या एका बहिष्काराचं प्रकरण

नोव्हेंबर २०१६. मँचेस्टरच्या उत्तरेला बेरी नावाचं गाव आहे. तिथल्या गिग लेन मैदानावर यजमान बेरी आणि ब्रॅडफर्ड सिटी यांचा सामना सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटं झाली होती, आणि ब्रॅडफर्डने आपला गोलकीपर बदलला. कॉलिन डॉइल बाहेर आला, रूवेन झाटेलमायर आत गेला. डॉइलला लागलं नव्हतं, त्याच्याकडून काही चुकलंही नव्हतं. मॅनेजर स्टुअर्ट मॅकॉल यांना त्या रात्री दुसऱ्या गोलकीपरला खेळवायचं होतं, एवढंच. पण स्पर्धेचा नियम असा होता, की सुरुवातीच्या अकरांत किमान पाच जण ‘पहिल्या संघाचे’ हवेत. डॉइल पहिल्या संघाचा. त्याला सुरुवातीला उभं केलं, मोजणी पूर्ण झाली, आणि तिसऱ्या मिनिटाला त्याचं काम संपलं.

ही स्पर्धा म्हणजे ईएफएल ट्रॉफी, इंग्लिश फुटबॉल लीगची. तरुण खेळाडूंना संधी मिळावी या उद्देशाने त्याच वर्षी तिच्यात मोठ्या क्लबांचे युवा संघ, म्हणजे त्यांच्या बी टीम, घेऊन तिचं रूप पालटलं होतं. आणि त्याच स्पर्धेत एका क्लबला आपल्या राखीव गोलकीपरला संधी देण्यासाठी अशी पळवाट शोधावी लागली. त्या हंगामात इंग्लंडच्या खालच्या लीगमधले हजारो पाठीराखे स्वतःच्याच संघाचे सामने बघायला का गेले नाहीत, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

आधी स्पर्धेबद्दल थोडं. इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये ९२ क्लब आहेत. वर प्रीमियर लीगचे २०, खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या तीन पायऱ्यांवर प्रत्येकी २४. ही ट्रॉफी सगळ्यात खालच्या दोन पायऱ्यांवरच्या ४८ क्लबांची. १९८३-८४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं ‘असोसिएट मेंबर्स कप’, म्हणजे सहयोगी सदस्यांचा चषक. फुटबॉल लीगमध्ये पूर्ण सदस्यत्वाचा मान नसलेल्या क्लबांसाठी मुद्दाम काढलेली ही स्पर्धा. एफए कपात किंवा लीग कपात मोठ्या क्लबाशी गाठ पडली की यांचं गाशा गुंडाळणं ठरलेलं. इथे मात्र समोर आपल्यासारखाच कुणीतरी असतो, आणि सहा-सात सामने जिंकले तर वेम्बली. लंडनचं ते भलंमोठं राष्ट्रीय मैदान. खालच्या लीगमधल्या बहुतेक क्लबांच्या पाठीराख्याला आयुष्यात एकदा तरी आपला संघ तिथे उतरलेला पाहायचा असतो.

सुरुवातीच्या फेऱ्यांना कधीच गर्दी नसायची, हेही खरं. आठवड्याच्या मधली रात्र, पाऊस, अर्धवट उघडलेले स्टँड. पण अंतिम सामन्याची गोष्ट वेगळी. १९८८ मध्ये वुल्व्ह्ज आणि बर्नली यांचा अंतिम सामना पाहायला वेम्बलीवर ८०,८४१ माणसं होती, आणि दोन्ही क्लब तेव्हा चौथ्या पायरीवर होते. मला मात्र २००९ सालचा सामना सगळ्यात जवळचा वाटतो. आर्थिक गैरव्यवहारांपायी ल्यूटन टाउनचे त्या हंगामात ३० गुण कापले गेले होते. जुन्या व्यवस्थापनाच्या पापाची शिक्षा नव्या लोकांना आणि पाठीराख्यांना भोगावी लागत होती. लीगमधून बाहेर फेकलं जाणं जवळपास पक्कं होतं. तशा अवस्थेत संघ या ट्रॉफीच्या अंतिम फेरीत पोचला. सुमारे ४०,००० ल्यूटनकर वेम्बलीवर गेले, जादा वेळेत ३-२ असा स्कंथॉर्पचा पराभव पाहिला आणि घरी आले. त्याच महिन्यात क्लब लीगमधून बाहेर पडला. त्या वर्षी त्या गावाच्या पदरात आनंदाची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट पडली. असल्या स्पर्धेला ‘दुय्यम’ म्हणणाऱ्याला ल्यूटनच्या माणसाने काय सांगावं?

२०१६ मध्ये कोणाच्या घरात पाहुणे आणून बसवले, ते यावरून ध्यानात येईल.

पाहुण्यांची कल्पना त्याही आधीची. २०१३ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांनी एक आकडा मांडला. वीस वर्षांपूर्वी देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये सुरुवातीच्या अकरांत इंग्लंडसाठी खेळू शकणारे खेळाडू ६९ टक्के होते, ते आता ३२ टक्क्यांवर आले होते. ही चिंता खोटी नव्हती. मे २०१४ मध्ये त्यांच्या आयोगाने उपाय सुचवला: लीग टूच्या खाली ‘लीग थ्री’ नावाची नवी पायरी काढायची, आणि तिच्यात कॉन्फरन्स या तेव्हाच्या पाचव्या पायरीवरच्या १० क्लबांबरोबर प्रीमियर लीगच्या क्लबांच्या १० बी टीम घालायच्या. या बी टीम पुढे लीग वनपर्यंत चढू शकतील, त्याच्या वर नाही.

पाठीराखे एका रात्रीत उठले. ‘अगेन्स्ट लीग थ्री’ नावाने मोहीम उभी राहिली, पाठीराख्यांच्या देशव्यापी महासंघाने विरोध केला, आणि एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या क्लबांचे लोक एका बाजूला आले. योजना मागे पडली. पण मनातली धास्ती गेली नाही. दारातून नाही जमलं तर खिडकीतून येतील, असं पाठीराखे म्हणत राहिले.

मे २०१६ मध्ये लीगने पुन्हा रचना बदलण्याची योजना आणली: २० क्लबांचे पाच विभाग, एकूण १०० क्लब. तिच्यात जागा भरायला बी टीम येणार का, हा प्रश्न लगेच उठला. पुढे क्लबांनी बी टीमना नकार दिला आणि नोव्हेंबरमध्ये योजनाच बारगळली. मात्र मधल्या काळात, १० जून २०१६ रोजी क्लबांनी दुसऱ्याच एका गोष्टीला मान्यता दिली. ट्रॉफीत एका वर्षाच्या प्रयोगासाठी पहिल्या दर्जाच्या अकादमी असलेल्या १६ क्लबांचे युवा संघ घ्यायचे. ४८ आणि १६ मिळून ६४. चार-चार संघांचे १६ गट. प्रीमियर लीगकडून १० लाख पौंडांची भर, आणि गटातला सामना जिंकला तर १०,००० पौंड.

ल्यूटन किंवा अ‍ॅक्रिंग्टनसारख्या क्लबाला १०,००० पौंड म्हणजे काही गंमत नाही. तीन सामने जिंकले तर एखाद्या तरुण खेळाडूचा वर्षाचा पगार सुटेल. ज्या मालकांनी हो म्हटलं त्यांना मी लबाड म्हणणार नाही. दर महिन्याला पगार भागवायचा ताण ज्याच्या डोक्यावर असतो, त्याला तत्त्व महाग पडतं. पण मालक हो म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल या नावांनी भरणारे स्टँड होते. प्रत्यक्षात आर्सेनल, लिव्हरपूल, टॉटनहॅम आणि मँचेस्टरचे दोन्ही क्लब पहिल्या वर्षी आलेच नाहीत. त्यांच्या जागा चॅम्पियनशिपमधल्या क्लबांनी भरल्या. रीडिंग, ब्रायटन, डर्बी, ब्लॅकबर्न, नॉरिच यांची मुलं आली. ज्यांच्यासाठी मांडव घातला ते आलेच नाहीत, आणि पंगत मात्र उठवता येईना.

ऑगस्टच्या शेवटी सामने सुरू झाले आणि स्टँड रिकामे राहिले. फ्लीटवूडला ब्लॅकबर्नच्या युवा संघाविरुद्ध चारशेही प्रेक्षक नव्हते. पाठीराख्यांनी ‘बी टीम बॉयकॉट’ अशी हाक दिली होती आणि लोकांनी ती पाळली.

या बहिष्कारातली गोम बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. तिकीट न घेतल्याने लीगचं काहीच बिघडत नाही, बिघडतं ते आपल्या क्लबाचं. ज्या क्लबाच्या गल्ल्यात पैसे पडावेत म्हणून माणूस एरवी पावसात उभा राहतो, जुना झाला नसला तरी दरवर्षी नवा शर्ट घेतो, त्याच क्लबाचा गल्ला आपण मुद्दाम रिकामा ठेवायचा. पोर्ट्समथचा क्लब तर त्या वेळी पाठीराख्यांच्याच मालकीचा होता. २०१३ मध्ये क्लब बुडायला आला तेव्हा लोकांनी हजार-हजार पौंडांचे भाग घेऊन तो वाचवला होता. चौथ्या पायरीवर असूनही लीगच्या सामन्याला तिथे सोळा हजारांवर माणूस येत होता. ज्या घरासाठी खिसा मोकळा केला त्याच घराकडे त्या रात्री फिरकायचं नाही, हे ठरवणं सोपं नव्हतं. घराघरांत यावरून वाद झाले असणार. बाप म्हणतो जाणार नाही, पोरगा म्हणतो तिकीट स्वस्त आहे, जाऊ या.

जे गेले त्यांचंही म्हणणं ऐकायला हवं. आपला संघ खेळतोय, मग समोर कोण का असेना. उद्याचा इंग्लंडचा खेळाडू आज आपल्या मैदानावर दिसेल. क्लबाला चार पैसे मिळताहेत, त्यात आपण का कोलदांडा घालावा. आणि त्यांचा सगळ्यात खरा मुद्दा असा, की अठरा ते एकवीस वर्षांच्या मुलाचे इंग्लंडमध्ये हाल होतात. अकादमीत तो सराव मैदानावर आपल्याच वयाच्या मुलांशी खेळत राहतो. तिथे प्रेक्षक नाहीत, हरलं तरी काही जात नाही, आणि तीस वर्षांचा अंगावर येणारा बचावपटू कोपराने बाजूला सारतो तेव्हा कसं उभं राहायचं हे तो शिकतच नाही. ही अडचण बहिष्कार घालणाऱ्यांनीही नाकारली नव्हती.

त्यांचा वाद उपायाशी होता. ते विचारत होते, की हा रस्ता तर आधीच आहे, मग नवा कशाला? हॅरी केन २०११ मध्ये लेटन ओरिएंटला उधारीवर गेला, मग मिलवॉलला, आणि तिथल्या चिखलात शिकला. तो त्या क्लबांचा शर्ट घालून, त्यांच्या गुणांसाठी, त्यांच्या लोकांसमोर खेळला. डेली अ‍ॅली १६ वर्षांचा असताना एमके डॉन्सच्या पहिल्या संघात आला. साउदॅम्प्टनने हीच ट्रॉफी २०१० मध्ये जिंकली, तेव्हा क्लब तिसऱ्या पायरीवर होता. कार्लाइलविरुद्धच्या त्या ४-१ च्या विजयात एक गोल अ‍ॅडम लालानाचा होता. तो क्लबाच्या स्वतःच्या अकादमीतून आलेला, पुढे इंग्लंडसाठी खेळलेला. म्हणजे ही स्पर्धा तरुणांना घडवत होतीच, त्यासाठी बी टीम लागली नव्हती. सहाच वर्षांनी त्याच साउदॅम्प्टनचा युवा संघ पाहुणा म्हणून त्याच स्पर्धेत आला.

दुसरी गोष्ट सन्मानाची. लीग टूचा क्लब म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांचं गाव, त्याचा रंग, त्याची गाणी. त्याने एखाद्या मोठ्या क्लबाच्या पोरांसाठी सरावाचं साहित्य व्हायचं, हे पाठीराख्यांच्या पचनी पडेना. कोल्हापूरच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचे संघ समोरासमोर येतात, तेव्हा गॅलरीत बसलेली पेठ फुटबॉल बघायला आलेली नसते, ती आपल्या तालमीसाठी आलेली असते. तिथेही एखाद्या तालमीचा ‘अ’ संघ असतो, ‘ब’ संघ असतो. पण तो ‘ब’ संघही त्याच पेठेचा असतो. उद्या बाहेरून एखाद्या बड्या कंपनीचा दुसऱ्या फळीचा संघ स्पर्धेत घातला आणि ‘याच्याशी खेळा, पैसे देऊ’ म्हटलं, तर दिलबहार तालमीची पोरं काय म्हणतील ते मला चांगलं ठाऊक आहे. मी त्याच गॅलरीत वाढलो आहे.

तिसरी गोष्ट हार-जितीच्या अर्थाची, आणि ती मला सर्वांत वजनदार वाटते. बी टीम हरली तर तिचं काय जातं? आपल्याकडे हा प्रयोग लीगमध्येच झाला होता. भारतीय फुटबॉल महासंघाने ‘इंडियन अ‍ॅरोज’ हा तरुणांचा संघ आय-लीगमध्ये उतरवला होता. २०१९-२० मध्ये तो वास्कोच्या टिळक मैदानावर आणि मुंबईच्या कूपरेजवर खेळला. शेवटून पहिला आला तरी त्याला खाली जाण्याची भीती नव्हती, तशी सवलतच होती. मुलांना सामने मिळाले, त्यातले काही पुढे मोठे झाले, हे मान्य. पण त्या संघाचे स्वतःचे पाठीराखे कधी तयार झाले नाहीत. जिथे काही गमवायचं नसतं तिथे जीव टाकायला कोण येणार?

मग आला दंडाचा प्रकार, आणि इथे मला अजूनही राग येतो.

ल्यूटनने गटातल्या सामन्यांत आपली तरुण मुलं उतरवली. नियमाप्रमाणे पाच ‘पहिल्या संघाचे’ खेळाडू नव्हते. त्या मुलांनी गिलिंगहॅमला हरवलं, वेस्ट ब्रॉमच्या युवा संघालाही हरवलं. तरुणांना वाव देण्यासाठी काढलेल्या स्पर्धेत चौथ्या पायरीवरच्या क्लबाने स्वतःच्या अकादमीतली मुलं खेळवली आणि प्रीमियर लीगच्या अकादमीवर मात केली. लीगने ल्यूटनला १५,००० पौंडांचा दंड केला. पोर्ट्समथलाही १५,०००. आणखी दहा क्लबांना प्रत्येकी ३,०००, त्यांत ब्रॅडफर्डही होता. एकूण बारा क्लब, ६०,००० पौंड.

पाहुण्यांच्या संघांना अट होती ती सुरुवातीच्या अकरांत किमान सहा जण २१ वर्षांखालचे असावेत, एवढीच. म्हणजे एकाला ‘तुझी मुलं खेळव’ असा नियम आणि दुसऱ्याला ‘तुझी मुलं खेळवू नकोस’ असा. का? तर समोरच्या अकादमीच्या मुलांना कसलेल्या माणसांशी खेळायला मिळायला हवं. ल्यूटनच्या सतरा वर्षांच्या मुलाचं शिक्षण कोणाच्याच हिशेबात नव्हतं. बहिष्कार घालणारे जे तोंडाने सांगत होते, ते लीगने पावती फाडून सिद्ध केलं. यात २०११ पासूनची जखमही होती. त्या वर्षी आलेल्या युवा विकास योजनेने लहान क्लबातून मोठ्या क्लबात जाणाऱ्या मुलांची भरपाई ठरावीक दरांत बांधून टाकली होती. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलासाठी वर्षाला ३,००० पौंड. लहान क्लबांनी तेव्हाही मतदानात होकारच दिला होता, कारण नाही म्हटलं असतं तर अकादम्यांसाठी मिळणारा पैसा थांबण्याची धमकी होती. आधी मुलं स्वस्तात न्यायची, मग त्याच मुलांना आमच्याच मैदानावर आमच्याविरुद्ध उभं करायचं, आणि आम्ही आमची उरलेली मुलं खेळवली तर दंड. गावातल्या माणसाला हिशेब असा दिसत होता.

युरोपात हे चालतं, मग इंग्लंडलाच काय झालं, असा प्रश्न त्या काळात वारंवार विचारला गेला. स्पेनमध्ये बी संघ लीगमध्ये आहेतच. रेआल माद्रिदचा कास्तिया १९८४ मध्ये दुसऱ्या पायरीवर पहिला आला, पण मूळ संघ वर असल्याने त्याला चढता आलं नाही. नेदरलँड्समध्ये योंग आयाक्सने २०१८ मध्ये दुसरी पायरी जिंकली, तोही तिथेच थांबला. जर्मनीत बायर्नचा दुसरा संघ २०२० मध्ये तिसरी पायरी जिंकून तिथेच अडला, कारण दुसऱ्या पायरीवर बी संघांना मज्जावच आहे. म्हणजे ज्या पद्धतीचे गोडवे गायले जातात तिच्यात पहिला आलेला वर जात नाही, आणि त्याच्या मागे आलेल्याचं नशीब कागदावरच्या नियमावर ठरतं. जर्मनीत तर २०१४ मध्ये २३ वर्षांखालचा संघ ठेवण्याची सक्ती उठताच लेव्हरकूझन आणि फ्रँकफर्टने आपले असे संघ मोडूनच टाकले.

कास्तियाची आणखी एक आठवण. १९८० मध्ये तो स्पेनच्या राजाच्या चषकाच्या अंतिम फेरीत पोचला, स्वतःच्याच मोठ्या भावाकडून ६-१ असा हरला, आणि त्यामुळे युरोपच्या कपविजेत्यांच्या चषकात गेला. तिथे गाठ पडली लंडनच्या वेस्ट हॅमशी. पहिल्या सामन्यातल्या दंग्यामुळे परतीचा सामना प्रेक्षकांविना झाला. अपटन पार्कवर अधिकृत उपस्थिती २६२. बंदी असल्याने २६२. फ्लीटवूडला दारं सताड उघडी असतानाही आकडा चारशेला पोचला नाही.

एप्रिल २०१७ मध्ये अंतिम सामना आला आणि चित्र पालटलं. कोव्हेंट्री आणि ऑक्सफर्ड, वेम्बली, ७४,४३४ प्रेक्षक. त्यांतले सुमारे ४३,००० कोव्हेंट्रीचे. मालकांशी वर्षानुवर्षं भांडण, मैदानाचा वाद, लीगमध्ये खाली जाणं जवळपास पक्कं, अशा काळात त्या लोकांनी २-१ असा विजय पाहिला. लीगचे अधिकारी या गर्दीकडे बोट दाखवून म्हणाले असतील, बघा, लोकांना स्पर्धा आवडते. काही पत्रकारांनी पाठीराख्यांना दुटप्पी ठरवलं. मला ते साफ चुकीचं वाटतं. वेम्बलीवर त्या दिवशी बी टीम नव्हती. दोन गावं होती. कोव्हेंट्रीच्या माणसाने ल्यूटनच्या माणसासारखाच हात धुवून घेतला, दुःखाच्या वर्षात एक दिवस आनंदाचा. ज्या गोष्टीवर बहिष्कार होता ती त्या दिवशी मैदानावर नव्हतीच.

तेव्हापासून २०२५ पर्यंत एकही युवा संघ अंतिम फेरीत पोचलेला नाही. सगळ्यात जवळ गेला तो चेल्सी, २०१८ मध्ये. उपांत्य फेरीत लिंकनने त्यांना पेनल्टींवर हरवलं, आणि लिंकनच्या गावात त्या रात्रीचा जल्लोष एखादी लढाई जिंकल्यासारखा होता.

तरीही मे २०१७ मध्ये क्लबांनी प्रयोग पुढे चालू ठेवायच्या बाजूने कौल दिला. काही दुरुस्त्या झाल्या. पाचांच्या जागी चार ‘पहिल्या संघाचे’ खेळाडू, बक्षिसाची रक्कम वाढली, गटातले सामने युवा संघांनी बाहेरच खेळायचे. पुढच्या काही वर्षांत मोठी नावंही आली. आधी मँचेस्टर सिटी आणि टॉटनहॅम, मग आर्सेनल, त्यानंतर लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड. पाठीराख्यांच्या विरोधाची धार हळूहळू बोथट झाली. सवय नावाची गोष्ट सगळ्यांना लागते. २०१९ चा अंतिम सामना पोर्ट्समथ आणि सण्डरलँड यांच्यात झाला, ८५,०२१ प्रेक्षक, स्पर्धेच्या इतिहासातली सर्वांत मोठी गर्दी. पोर्ट्समथने पेनल्टींवर चषक नेला. सण्डरलँड २०१६ मध्ये प्रीमियर लीगमध्ये होता आणि या स्पर्धेत आपला युवा संघ पाठवत होता. दोन वर्षांत दोनदा घसरून तो लीग वनला आला आणि स्वतःच तिथला यजमान झाला. वरून पाहुणा म्हणून येणं आणि खालून जीव लावून खेळणं यांतला फरक त्या क्लबाच्या पाठीराख्यांइतका कोणाला कळला नसेल.

तरुणांच्या प्रगतीचं श्रेय या प्रयोगाला देणारेही आहेत. २०१७ मध्ये इंग्लंडने १७ वर्षांखालचा विश्वचषक आपल्याच देशात येऊन जिंकला. मडगावच्या फातोर्ड्यावर उपांत्यपूर्व सामन्यात अमेरिकेविरुद्ध रियान ब्रूस्टरने तीन गोल केले, ते पाहिलेले गोंयकार अजून सांगतात. कोलकात्याच्या अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध ५-२, आणि फिल फोडन स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. पण फोडन मँचेस्टर सिटीचा आणि ब्रूस्टर लिव्हरपूलचा. ट्रॉफीच्या पहिल्या वर्षी हे दोन्ही क्लब आलेच नव्हते. ती मुलं अकादम्यांनी घडवली, चांगल्या प्रशिक्षकांनी घडवली. फ्लीटवूडच्या रिकाम्या स्टँडने नाही.

बहिष्कार हरला का? स्पर्धेपुरता हरला. पण ‘लीग थ्री’ आजपर्यंत झालेली नाही. बी टीम लीगच्या तक्त्यात शिरलेल्या नाहीत, आणि त्या २०१६ च्या हिवाळ्यात घरी बसलेल्या माणसांचा त्यात वाटा आहे असं माझं ठाम मत आहे. चंचुप्रवेशाची त्यांची भीती मात्र खोटी ठरली नाही. २०२४-२५ मध्ये लीगच्या खालच्या पाचव्या पायरीवर ‘नॅशनल लीग कप’ सुरू झाला: तिथले १६ क्लब आणि प्रीमियर लीगकडून आलेले १६ युवा संघ. तीच मांडणी, तेच पैशांचं आश्वासन, आणि तिथल्या पाठीराख्यांपुढे तोच प्रश्न, जाऊ की नको.

गिग लेनवर त्या नोव्हेंबरच्या रात्री तीन मिनिटांत गोलकीपर बदलला, त्याला तीन वर्षं व्हायच्या आत, ऑगस्ट २०१९ मध्ये, बेरी क्लबाला पैशांअभावी लीगमधून काढून टाकलं. १८८५ सालचा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. ट्रॉफीतून मिळणाऱ्या दहा-दहा हजारांनी तो वाचणार नव्हता. मैदान कुलूपबंद झालं. पाठीराख्यांनी आधी वेगळा क्लब काढून शेजारच्या गावात खेळायला सुरुवात केली, दोन गटांत फूट पडली, मग मतदान करून २०२३ मध्ये ते एकत्र आले आणि गिग लेनचं दार पुन्हा उघडलं. संघ नवव्या पायरीवर खेळत होता. समोर ज्यांची नावंही पूर्वी ऐकलेली नव्हती असे छोटे क्लब यायचे. आणि स्टँडमध्ये तीन-तीन हजार माणसं असायची.